विजेच्या पेटीतलं काय चाललं आणि काय नाही

मी उभा जन्म विजेच्या खांबांवर काढला. लाईनमन म्हणून लागलो, निवृत्त झालो तेव्हा सबस्टेशनात होतो. त्यामुळे मुलाने नातवंडांसाठी आकाशातली वीज आणि गडगडाट समजावून सांगणारी प्रयोगपेटी मागवली, तेव्हा ती उघडायचा मान आपसूक माझ्याकडे आला. मीही जरा ताठच बसलो. ही पेटी आपल्याला काय नवीन सांगणार! पहिल्याच संध्याकाळी तिने माझा ताठा उतरवला. तासभर घासाघासी करूनही एक ठिणगी निघाली नाही. मोठी नात नऊ वर्षांची आहे. ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "असू दे आजोबा, तुम्ही दमलात." धाकटा सहा वर्षांचा. तो आत जाऊन सगळ्यांना सांगून आला, "आजोबांना वीज येत नाही."

कारण मागाहून ध्यानात आलं, आणि माझ्यासारख्याला ते आधीच कळायला हवं होतं. त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, हवा ओलसर. अशा हवेत प्रत्येक वस्तूच्या अंगावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा बसतो आणि घासून जमवलेला विद्युतभार त्यावरून निसटून जातो. आम्ही इन्सुलेटर, म्हणजे खांबावर तार धरून ठेवणारे वीजरोधक, पुसायचो ते काही शोभेसाठी नाही. धूळ बसलेल्या इन्सुलेटरवर दव पडलं की हाच प्रकार होतो, फक्त तिथे हजारो व्होल्ट असतात. म्हणजे गंमत बघा, आभाळ गडगडायला लागलं की मुलांना विजेबद्दल विचारायचं सुचतं आणि नेमकी त्याच दिवशी ही पेटी रुसून बसते. पुस्तिकेत तशी सूचना आहे, पण सतराव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात. ती झाकणावर मोठ्या अक्षरात छापायला हवी होती.

हे मी मुलांना सांगितलं तर मोठीने मलाच कोंडीत पकडलं. "पण ढगात तर सगळं ओलंच असतं. मग तिथे वीज कशी जमते?" पुस्तिका यावर गप्प आहे, आणि त्या संध्याकाळी मीही गप्प होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उत्तर दिलं ते असं. ओली हवा स्वतः काही भार वाहून नेत नाही, नेतो तो वस्तूच्या पृष्ठभागावरचा पाण्याचा पापुद्रा. ढगात बर्फाचे कण आणि थेंब एकमेकांपासून सुटे, हवेत तरंगत असतात. पळून जायला त्यांच्यामध्ये वाटच नाही. खांब आहेत, पण मध्ये तार नाही, असं म्हण हवं तर. तिला पटलं. असला प्रश्न ज्या पेटीमुळे पडतो ती अगदी वाया गेलेली नाही, एवढं मी तेव्हाच मनाशी नोंदवलं.

आता पेटीत काय आहे ते. थर्माकोलची एक चौकोनी थाळी, लोकरीचा तुकडा, प्लास्टिकची मूठ लावलेली ॲल्युमिनियमची गोल तबकडी, निऑनचे दोन इटुकले दिवे, बोटाएवढी बाहुली आणि तिच्यावर झाकायचा जाळीचा पिंजरा, छोटा प्लाझ्मा गोळा, स्प्रिंग लावलेला एक डमरूसारखा पुठ्ठ्याचा ढोल, लाल दोऱ्याचा गुंडा, सेकंद मोजायची रंगीत पट्टी आणि चोवीस पानांची पुस्तिका. सामान मजबूत आहे. मूठ चांगली घट्ट बसवली आहे. पेटीवर ‘वय ५ वर्षांपासून’ लिहिलंय ते मात्र विसरा. आठ-नऊ वर्षांचं मूल आणि शेजारी सवड असलेलं मोठं माणूस, असा हिशेब धरा.

तीन दिवसांनी हवा कोरडी झाली आणि थाळी-तबकडीचा प्रयोग पुन्हा मांडला. या एका प्रयोगासाठी पेटीचे सगळे गुन्हे माफ करावेत असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. थर्माकोलची थाळी लोकरीने खसाखसा घासायची. तिच्यावर ऋण भार बसतो. मग मूठ धरून तबकडी तिच्यावर ठेवायची, तबकडीला क्षणभर बोट लावायचं, बोट काढायचं आणि मुठीने तबकडी उचलायची. आता तबकडीजवळ बोट नेलं की चट्! बारीकशी निळसर ठिणगी आणि बारीकसा आवाज. तबकडी परत ठेवा, बोट लावा, उचला, पुन्हा चट्. पुन्हा घासायची गरजच नाही. आम्ही एकदा घासून बावीस ठिणग्या काढल्या, मग धाकट्याने थाळीवर हात फिरवला आणि खेळ संपला. या युक्तीला दोनशे वर्षांहून जास्त वय झालंय. व्होल्टाने ती १७७५ मध्ये लोकांपुढे आणली, बॅटरी शोधण्याच्या कितीतरी आधी. दर वेळी नवी ठिणगी कुठून येते, हा प्रश्न मुलांना विचारून बघा. थाळीचा भार तर खर्च होत नाही. तबकडी उचलताना हाताला जे किंचित जास्त जोर लावावा लागतो, तो खर्च होतो. ढगात हे उचलण्याचं काम वर चढणारी हवा करते.

निऑनचा दिवा पाहून मला जुना मित्र भेटल्यासारखं झालं. टेस्टरमध्ये असतो तोच. खिशाला टेस्टर नाही असा माझा एक दिवस गेला नसेल. पण त्याची एक खोड मी नोकरीत असताना कधी नीट पाहिली नव्हती, ती या पेटीने दाखवली. घरातल्या पुरवठ्यावर त्याच्या आतल्या दोन्ही तारा उजळतात, कारण तिथे प्रवाहाची दिशा सतत उलटसुलट होत असते. इथे मात्र एकच तार उजळते, जिकडे ऋण बाजू असेल ती. अंधार करा. तबकडी थाळीवर असताना बोटाऐवजी दिव्यातून स्पर्श करा, तबकडीकडची तार लुकलुकेल. तबकडी उचलून पुन्हा स्पर्श करा, आता बोटाकडची. म्हणजे पहिल्यांदा भार तबकडीतून तुमच्याकडे आला, दुसऱ्यांदा तुमच्याकडून तबकडीत गेला. मोठीने हे चार-पाच वेळा करून पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे थाळीने नुसतं जवळ येऊन तबकडीला घाबरवलं." मला यापेक्षा बरं सांगता आलं नसतं. वादळी ढगाच्या पोटाशी ऋण भार साठतो तेव्हा खालच्या जमिनीचं, झाडांचं, खांबांचं अगदी हेच होतं. ऋण भार दूर ढकलला जातो आणि वरच्या अंगाला धन भार गोळा होतो. ढगाने अजून काही पाडलेलंही नसतं.

इथपर्यंत पेटी बनवणाऱ्याला दाद. आता पुस्तिका.

पुस्तिका कुणी लिहिली कोण जाणे, पण त्याची आणि प्रयोग बनवणाऱ्याची कधी गाठ पडली नसावी. तिसऱ्या पानावर चित्र आहे, दोन गुबगुबीत ढग बोकडांसारखे एकमेकांना डोकी मारताहेत आणि मधून वीज निघते आहे. खाली ओळ, ‘ढगांची टक्कर झाली की आवाज होतो’. अहो, ढगात म्हातारी दळतेय असं आम्हाला लहानपणी सांगायचे ते बरं. ती गोष्ट आहे हे मुलालाही कळतं. टक्कर मात्र विज्ञान म्हणून छापली की डोक्यात घट्ट बसते. टक्कर होते, पण ढगाच्या आत आणि बर्फाबर्फाची. हलके बर्फकण वर जात असतात, मऊ गारा जडपणाने खाली रेंगाळत असतात, आणि दोघांची घसट होताना बहुतेक वेळा गारेच्या वाट्याला ऋण भार येतो, बर्फकणाच्या वाट्याला धन. वारा बर्फकणांना ढगाच्या माथ्यावर नेतो, गारा मधल्या-खालच्या मजल्यावर राहतात. थाळी आणि लोकर यांचंच मोठं घराणं. पेटीत लोकर दिलीच आहे, तर चित्रात ढग भांडायला लावायची काय गरज होती?

याच पुस्तिकेत मोटारीचं पान आहे. मोटारीत बसलेलं माणूस वाचतं ते रबरी टायरमुळे, असं त्यात म्हटलंय. आणि त्याच पेटीत जाळीचा पिंजरा! हे मला फार खटकलं. जी वीज मैलोन्‌मैल हवा फोडून येते, ती वीतभर रबराला जुमानेल होय? वाचवतो तो मोटारीचा धातूचा सांगाडा. वीज त्याच्या बाहेरच्या अंगाने वाहून जमिनीत उतरते, म्हणून वर छप्पर असलेली, काचा बंद केलेली मोटार चालते, मोटारसायकल नाही. फॅरेडे या शास्त्रज्ञाने १८३६ मध्ये धातूने मढवलेल्या खोलीत स्वतः बसून हे दाखवलं. बाहेरून खोलीवर ठिणग्या उडत होत्या आणि आत त्याच्या उपकरणाला पत्ताही नव्हता. पेटीतल्या बाहुलीच्या डोक्यावर कागदाच्या बारीक झिरमिळ्या आहेत. भारलेली तबकडी जवळ नेली की त्या ताठ उभ्या राहतात, पिंजरा झाकला की गप पडून राहतात. हाच तो फॅरेडे. पुस्तिकेच्या लेखकाने हा प्रयोग एकदा करून पाहिला असता तर टायर आपोआप पंक्चर झाला असता.

पतंगाचं पान तर मी मुलांना दाखवायच्या आधी स्वतः दोनदा वाचलं. अमेरिकेचा शास्त्रज्ञ फ्रँकलिन, शेजारी त्याचा आठ-दहा वर्षांचा मुलगा, आणि पतंगावर कोसळणारी भलीमोठी वीज. १७५२ साली त्याने पतंग उडवला तेव्हा मुलगा विसाच्या पुढचा होता, आणि पतंगावर वीज पडली नव्हती. पडली असती तर पुढची गोष्ट सांगायला कोणी उरलं नसतं. ओल्या दोरीवरून हवेतला भार तिला बांधलेल्या किल्लीपर्यंत आला आणि तिथे ठिणगी उडाली, एवढंच. पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये रिखमन नावाचा शास्त्रज्ञ याच तऱ्हेचा प्रयोग करताना विजेने मेला. ही दुसरी अर्धी गोष्ट पुस्तिकेत नाही. लहान मुलाच्या हातात पतंगाचं चित्र द्यायचं आणि रिखमनचं नाव गाळायचं, याला मी चूक म्हणत नाही, बेफिकिरी म्हणतो. मी त्या पानावर लाल पेनाने दोन ओळी लिहून ठेवल्या आहेत.

प्लाझ्मा गोळ्याबद्दल थोडक्यात. दिसायला झकास, पाहुण्यांना दाखवायला उत्तम. बोट टेकवलं की आतली जांभळी जिभाळी बोटाकडे धावते. पण पुस्तिका त्याला ‘घरातली खरी वीज’ म्हणते ते ओढूनताणून आहे. आत निऑन-आर्गॉनसारखे वायू, मधल्या गोळीवर सेकंदाला हजारो वेळा दिशा पालटणारा उच्च दाब. प्रवाह इतका किरकोळ की हवा भडकून फुटतच नाही, म्हणून आवाज नाही. ‘याच्यातून गडगडाट का येत नाही?’ हा प्रश्न पुस्तिकेने विचारला असता तर गोळ्याचं सोनं झालं असतं. मी आपला माझा जुना खेळ दाखवला. घरातली निकामी झालेली छोटी ट्यूब गोळ्याजवळ नेली, तर ती कुठेही तार न जोडता हातात मंद पेटली. अतिउच्च दाबाच्या लाईनखाली रात्री ट्यूब धरली की अशीच पेटते, आम्ही नव्या पोरांना ते दाखवून त्यांची फिरकी घ्यायचो. गोळ्यावर नाणं किंवा चांदीचा कागद मात्र ठेवू देऊ नका, चटका बसतो. मोबाईलही जवळ नको.

आता आवाजाकडे येतो, कारण माझी खरी तक्रार आणि खरं कौतुक दोन्ही तिथेच आहे.

आमचा धाकटा विजेला भीत नाही. वीज चमकली की तो खिडकीशी धावतो. त्याची पाचावर धारण बसते ती त्यानंतर. म्हणजे मुलाला समजवायचं असेल तर आवाज समजवायला हवा, आणि पेटीने चोवीसपैकी दोन पानं आवाजाला दिली आहेत. त्यातलं एक ते ढगांच्या टकरीचं.

ढोल मात्र भन्नाट. पुठ्ठ्याची नळी, एका तोंडाला ताणलेला पातळ पडदा, पडद्यातून लोंबणारी लांब स्प्रिंग. ढोल हलवला की स्प्रिंग थरथरते आणि पडद्यातून असा काही गडगडाट निघतो की पहिल्यांदा हलवला तेव्हा शेजारच्या खोलीतून सून वाळत घातलेले कपडे काढायला बाहेर धावली. आधी दोन दिवस धाकटा ढोलापासून चार हात लांब. तिसऱ्या दिवशी त्याने तो स्वतः हलवला. आवाज आपल्या हातात आला की त्याचं भूत होत नाही, हे मी त्याच्या तोंडाकडे बघून शिकलो. चौथ्या दिवशी घरात कुणालाही झोप लागेना, तो भाग वेगळा.

पण ढोल गडगडाट ‘करून’ दाखवतो, ‘का’ ते सांगत नाही. ते मी लाल दोऱ्यावर सांगितलं. दोरा पेटीत वीज कशी वाकडीतिकडी येते ते मांडायला दिलाय. वीज एका दमात खाली येत नाही. साधारण पन्नास-पन्नास मीटरचे टप्पे घेत, प्रत्येक टप्प्याला निमिषाहून कितीतरी कमी थांबत, वाट चाचपत उतरते. जमिनीजवळ आली की खालून, झाडावरून, खांबावरून तिला भेटायला एक धागा वर चढतो. दोघांची गाठ पडली की वाट पुरी होते आणि त्या वाटेने जो लोट उसळतो तोच आपल्याला दिसणारा लखलखाट. बहुतेक वेळा एकाच वाटेने तीन-चार लोट जातात, म्हणून वीज थरथरल्यासारखी दिसते. वाट असते बोटा-दोन बोटांच्या जाडीची, पण तिच्यातली हवा क्षणार्धात ३०,००० अंश सेल्सिअसच्या घरात तापते. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजारांच्या आसपास. एवढी तापलेली हवा एकदम फुगते, शेजारच्या हवेला जागा करून द्यायलाही वेळ मिळत नाही, ती धक्क्याने दाबली जाते. तो धक्का म्हणजे गडगडाट.

मग तो एकदाच ‘धाड’ असा का होत नाही, गडगडत का राहतो? इथे दोरा कामाला आला. फरशीवर एक खडूची खूण केली, ती म्हणजे आम्ही. वीत म्हणजे एक किलोमीटर असा हिशेब धरला. दोऱ्याचं एक टोक खुणेपासून एक वीत लांब ठेवलं, दुसरं चार विती, मध्ये वाटेल तशी वळणं. वीज या सगळ्या दोऱ्यावर जवळजवळ एकाच वेळी चमकली. पण आवाजाला एक किलोमीटर यायला तीनेक सेकंद लागतात. जवळच्या टोकाचा आवाज तीन सेकंदांनी आला, लांबच्या टोकाचा बाराव्या सेकंदाला. मधले नऊ सेकंद दोऱ्याचा एकेक तुकडा आपापल्या अंतराप्रमाणे येत राहिला. जिथे दोरा आपल्यापासून सारख्या अंतरावर वळलाय तिथले आवाज एकदम येतात, तेव्हा गडगडाट मध्येच फुगतो. डोंगर-इमारतींवरून आदळून येणारे वेगळे. मोठीने दोऱ्यावर बोट फिरवत तोंडाने सगळा गडगडाट करून दाखवला, हळू, मोठा, परत हळू.

आपल्या भाषेला हे फार आधीपासून ठाऊक असावं. जवळ पडली की आपण कडकडाट म्हणतो, लांबवर असली की गडगडाट. जवळच्या टोकाचा धक्का ताजा, धारदार. लांबून येताना बारीक आवाज हवेत जिरून जातात आणि घुमणारा जाड आवाज तेवढा उरतो. मुलांना नुसते हे दोन शब्द कानाने ओळखायला शिकवा, निम्मा धडा झाला.

आणि ती सेकंदांची पट्टी. कल्पना अशी की वीज दिसली की मोजायला सुरुवात करायची, आवाज आला की थांबायचं, आणि पट्टीवरचा आकडा बघायचा. पट्टीवर तीन सेकंदांना एक किलोमीटर बरोबर दिलंय. घड्याळ नको म्हणून आम्ही ‘एक आजोबा, दोन आजोबा’ असं मोजतो, एका आजोबाला अंदाजे एक सेकंद लागतो. परवा संध्याकाळी खरंच आभाळ उठलं. दिवे गेले. (धाकटा दर वेळी विचारतो, वीज आली की वीज का जाते? तारेवर किंवा जवळपास वीज पडली की इन्सुलेटरवरून ठिणगी उडी मारते आणि सबस्टेशनातला ब्रेकर लाईन तोडतो, लाईन जळू नये म्हणून. जाते ती आपल्या भल्यासाठी.) आम्ही तिघं खिडकीपासून दूर, खोलीच्या मध्ये बसलो. लख्ख झालं. बारा आजोबा, मग गडगडाट. चार किलोमीटर. पुढची नऊ. पुढची सहा. आकडा लहान होत गेला तसा मोठीचा आवाज चढत गेला आणि धाकटा माझ्या मांडीवर सरकला, पण मोजत होता. दोन म्हणता म्हणता कडाड्‌कन् झालं, खिडकीच्या काचा थरथरल्या. त्याने कान झाकले होते, पण आधीच, वेळ बघून. इतके दिवस आवाज त्याच्यावर दबा धरून बसायचा, आता तोच आवाजाची वाट बघत होता.

मग आकडे वाढत गेले. आठ, चौदा, आणि एकदा सोळा झाले तरी आवाज नाही. "आजोबा, पट्टी संपली!"

पट्टी पंधराला संपते. शेवटचे सहा सेकंद हिरव्या रंगाचे आहेत आणि त्याखाली ठसठशीत लिहिलंय, ‘आता बाहेर खेळायला हरकत नाही’. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. पंधरा सेकंद म्हणजे पाच किलोमीटर. एक वीज इथे आणि पुढची पाच-दहा किलोमीटरवर, हे रोजचं आहे. पाऊस पडतोय त्या जागेपासून पंधरा किलोमीटरवर, निरभ्र दिसणाऱ्या आभाळाखालीही ती उतरू शकते. गडगडाट मुळात ऐकूच येतो तो साधारण तेवढ्या अंतरापर्यंत. म्हणून नियम साधा आहे. ऐकू आला म्हणजे आपण तिच्या टप्प्यात आहोत, पक्क्या घरात जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. झाडाखाली नाही, मोकळ्या मैदानात नाही, पाण्यात नाही, घरात असलो तरी नळाशी आणि तारेच्या फोनशी नाही. आम्ही लाईन बंद करून, कामाची लेखी परवानगी हातात घेऊनसुद्धा तार जमिनीशी जोडणारा अर्थिंग रॉड लावल्याशिवाय तारेला हात लावत नसू, कारण कुठे दूरवर पडलेली वीजही आपल्या तारेत येऊ शकते. दूर आहे म्हणून निर्धास्त राहिलेला माणूस या धंद्यात म्हातारा होत नाही.

आणखी एक गोष्ट पुस्तिकेत नाही आणि ती असायलाच हवी होती. आपल्याकडे आकाशातली आणि तारेतली, दोन्हीला वीजच म्हणतात, त्यामुळे मोठी माणसंही इथे गफलत करतात. तारेला चिकटलेल्या माणसाला पुरवठा बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही, हे मी नव्या पोरांना ओरडून ओरडून शिकवलं. पण आकाशातली वीज लागलेल्या माणसाच्या अंगात काही उरलेलं नसतं. ती आली आणि गेली. त्याला ताबडतोब हात लावायचा, श्वास आणि नाडी बघायची, थांबली असतील तर छाती दाबायला लागायचं आणि मदत बोलवायची. लोक घाबरून लांब उभे राहतात आणि वाचणारा जीव जातो.

तर पाचपैकी मी साडेतीन देईन. थाळी-तबकडी आणि ढोल यांना पैकीच्या पैकी, पुस्तिकेला शून्य, गोळ्याला कौतुकाचा अर्धा. बनवणाऱ्यांना मी पत्र लिहिलंय, पट्टीबद्दल आणि टायरबद्दल. अजून उत्तर नाही. घ्यायची असेल तर कोरड्या हवेच्या दिवशी उघडा, पुस्तिका आधी आपण वाचा, आणि निऑनचा एखादा दिवा जास्तीचा आणून ठेवा. आमचा एक चौथ्या दिवशी पायाखाली आला.

पट्टी मी त्याच रात्री मेणबत्तीच्या उजेडात दुरुस्त केली. हिरव्या भागावर लाल पेन फिरवला आणि मागे कागद चिकटवून ती पंचेचाळीसपर्यंत वाढवली, तीही लालच. धाकटा शेजारी बसून बघत होता. सगळी रंगवून झाल्यावर त्याने विचारलं, "मग हिरवा कुठे आहे?" मी म्हटलं, आपण बसलोय ना, इथे. त्याने माझ्या हातातला पेन बाजूला ठेवला, हिरवा खडू शोधून आणला आणि फरशीवर आमच्या तिघांभोवती एक गोल काढला. सून सकाळी तो पुसायला गेली, तर तिला पुसू देईना.